जुन्या इंजिनाची पारख

झाशी शहराच्या जुन्या वस्तीत मानिक चौक नावाचा बाजार आहे. मराठी माणसाला झाशी हे नाव परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून तेथे गेले. पुढे नेवाळकरांचे घराणे आले. आणि त्यांच्या पदरी असलेली, किंवा त्यांच्या आश्रयाने गेलेली, कितीतरी मराठी कुटुंबे बुंदेलखंडातच राहिली. राज्य गेले, सनदा पेटीत राहिल्या, तरी काहींची शेतीभाती टिकली. अशा घरांतून जुनी वस्तू सहसा टाकली जात नाही. मात्र ती ओळखण्याचे ज्ञान तिच्याबरोबर पुढच्या पिढीकडे जातेच असे नाही. मग वस्तू हातात असते आणि तिची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. घर मानिक चौकाच्या आसपास, शेत शहराबाहेर बेतवेच्या बाजूला. शेतावर गोठ्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत, एक जुना ट्रक वीस वर्षे उभा आहे. आजोबांनी तो घेतला होता आणि त्याने तीस वर्षे गहू-हरभरा बाजारात पोचविला. आता दोघा चुलतभावांत वाटणी व्हावयाची आहे. थोरला म्हणतो, हे भंगार एकदाचे वजनावर द्यावे. धाकटा म्हणतो, "दादा, ते इंजिन लढाईतले आहे असे आजोबा सांगत; त्याचे लाखाच्या खाली घेऊ नये." भंगारवाला येतो, बॉनेटवर एक थाप मारतो आणि एक आकडा सांगून मोकळा होतो. या तिघांपैकी कोणीही अद्याप ते बॉनेट उघडलेले नाही.

जुन्या यंत्राची पारख करणे हे काम इतिहास-संशोधकाच्या कामासारखेच आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास आरंभ केला, तेव्हा बखरीतील हकिकत आणि अस्सल कागद यांत भेद करावा लागतो, ही गोष्ट त्यांनी महाराष्ट्राच्या मनावर चांगली ठसविली. ट्रकच्या बाबतीत असे तीन साक्षीदार असतात. एक, घरातील सांगी. दुसरा, नोंदणीचा कागद. आणि तिसरा, प्रत्यक्ष लोखंड. आजोबांनी तो कोणाकडून घेतला, कोणत्या साली इंजिन उतरविले, हे घरातील सांगीशिवाय कळत नाही. मालक कोण हे कागद सांगतो. पण इंजिन कोणत्या जातीचे आणि कधी ओतलेले, हे लोखंडालाच विचारावे लागते. तिघांची साक्ष जुळली तर प्रश्नच मिटला. न जुळली, तर प्रत्येकाला त्याच्या अधिकाराचाच प्रश्न विचारावा.

पहिली चूक येथेच होते की, बॉनेटवरचे नाव हेच इंजिनाचे नाव असे लोक धरून चालतात. भारतातील जुन्या ट्रकांचा इतिहास पाहता तसे धरण्यास काही आधार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकन कंपन्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडीत होत्या. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले फोर्ड व शेव्हरलेट जातीचे हजारो लष्करी ट्रक हिंदुस्थानात आले आणि युद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेली वाहने विक्रीस निघाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडले. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी आवरते घेतले. १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. याच काळात पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अनेकांनी जुन्या अमेरिकन ट्रकांतील पेट्रोल इंजिने काढून त्यांत पर्किन्स जातीची डिझेल इंजिने बसविली; मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने ती इंजिने भारतातच बनविण्यास घेतली होती. म्हणजे बॉनेट एका देशाचे, इंजिन दुसऱ्याचे आणि लाकडी हौदा गावच्या सुताराचा, असा तिरंगी संसार एकाच ट्रकवर सुखाने नांदत असे. म्हणून नाव वाचून थांबू नये, आत पाहावे.

आत पाहताना पहिला प्रश्न इंधनाचा. प्रत्येक सिलिंडरला एक स्पार्क प्लग, त्याला जाडसर रबरी वायर आणि त्या सर्व वायरा एका वाटोळ्या डिस्ट्रिब्युटरपाशी गोळा झालेल्या असतील, तर ते पेट्रोल इंजिन. वायरांऐवजी बारीक पोलादी नळ्या एका लांबट पंपापासून निघून प्रत्येक सिलिंडरकडे गेलेल्या असतील, तर ते डिझेल. हा भेद लहान मुलासही दाखविता येतो आणि निम्मे गैरसमज त्यानेच दूर होतात. युद्धकाळातील लष्करी ट्रक म्हणून सांगितलेल्या गाडीत पोलादी नळ्यांचा पंप दिसला, तर सांगी खोटी ठरतेच असे नाही. ट्रक लढाईतला असेल, इंजिन मागाहून आलेले असेल.

दुसरा प्रश्न रचनेचा. सिलिंडर एका रांगेत आहेत की दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकमेकींपासून फाकल्या आहेत? चार-चारच्या दोन रांगा आणि वर दोन सपाट झाकणे दिसली, तर बहुधा ते फोर्डचे व्ही-आठ इंजिन. १९३२ साली निघालेल्या या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूस, ब्लॉकमध्येच असतात; म्हणून हेड चपटे दिसते. एकाच रांगेत सहा सिलिंडर असतील आणि हेडवर चपट्या पाठीतून स्पार्क प्लग सरळ उभे असतील, तर डॉज-फार्गोच्या घराण्याकडे पाहावे. तेथेही व्हॉल्व्ह बाजूसच असतात. सहा सिलिंडर एका रांगेत, पण हेडवर पत्र्याचे लांबट झाकण आणि स्पार्क प्लग बाजूला असतील, तर ते शेव्हरलेट असण्याचा संभव मोठा. त्या झाकणाखाली व्हॉल्व्ह हलविणाऱ्या दांड्या असतात.

घराणे कळले तरी व्यक्ती कळत नाही. डॉज-फार्गोच्या सहा सिलिंडरी इंजिनांचे दोन मुख्य आकार होते आणि ते ओळखण्यास साध्या फीतपट्टीखेरीज काही लागत नाही. हेडची लांबी सुमारे २३ इंच भरली तर ते धाकटे, २५ इंच भरली तर थोरले. एकाचे हेड वा गॅसकेट दुसऱ्यास बसत नाही. शेव्हरलेटमध्येही असाच भेद आहे. १९३७ ते १९५३ पर्यंत चाललेले २१६ घनइंची इंजिन आणि त्याचे थोरले भावंड २३५ घनइंची. त्यातही १९५४ पासूनच्या २३५ चे वरचे झाकण कडेच्या चार स्क्रूंनी बसविलेले असते. जुन्या २१६ चे झाकण मधोमध दोन नटांनी आवळलेले असते. हा चार आणि दोन यांचा फरक क्षुल्लक नव्हे. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत बॅबिट धातू वितळवून ओतलेला असतो आणि त्यांना तेल मुख्यतः उडून पोचते. नव्या २३५ मध्ये बदलता येण्याजोगी बेअरिंगे आणि दाबाने तेल पोचविण्याची पद्धत आहे. पहिल्याची दुरुस्ती करावयाची तर बॅबिट ओतणारा कारागीर शोधावा लागतो. दोन नट आणि चार स्क्रू यांच्यामध्ये दुरुस्तीच्या खर्चाचा एवढा मोठा फरक दडलेला असतो.

यानंतर आकडे वाचावेत. इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत केल्याने फार घोटाळा होतो. काही आकडे उठावाचे असतात, ते साच्यातूनच आलेले. नाण्यावरील अक्षरांप्रमाणे ते त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक ओतीव ब्लॉकवर सारखेच असतात. त्यांवरून जात कळते. दुसरे आकडे खोलगट, छिन्नीच्या ठशाने एकेक ठोकलेले असतात. शिलालेखाप्रमाणे ते त्या एकाच इंजिनाचे असतात. त्यांवरून व्यक्ती कळते. नोंदणीच्या कागदावर लिहिलेला क्रमांक हा ठोकलेला क्रमांक होय. भंगाराच्या बाजारात पुष्कळ वेळा उठावाचा आकडा वाचून तो कागदाशी जुळत नाही म्हणून मालकावर संशय घेतात; तो संशय निष्कारण असतो.

ठोकलेला क्रमांक कोठे शोधावा, हेही ठाऊक हवे. शेव्हरलेटमध्ये तो ब्लॉकच्या उजव्या बाजूस, डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर असतो. डॉज-फार्गोमध्ये तो डाव्या बाजूस, पुढच्या वरच्या कोपऱ्याजवळ असतो आणि ट्रकच्या इंजिनास आरंभी टी हे अक्षर असते. जुन्या फोर्ड व्ही-आठमध्ये मात्र ब्लॉकवर शोधून हाती काही लागत नाही. क्रमांक मागच्या गिअरपेटीच्या आवरणावर आणि चासीवर ठोकलेला असे. ती जागा घासावयाची ती रॉकेल, चिंधी आणि हाताचा तारेचा ब्रश यांनीच. विजेच्या चक्राने घासले तर गंजाबरोबर अंकही जातो आणि अंक गेलेले इंजिन चोरीचे म्हणून बदनाम होते. जागा स्वच्छ झाल्यावर खडू चोळावा. खाचांत पांढरी भुकटी बसते आणि पुसट अंक उठून दिसतात. अंकांची ओळ वाकडी असेल, एखादा ठसा निराळ्या आकाराचा असेल किंवा भोवतालची जागा उगाच गुळगुळीत व खोलगट असेल, तर मात्र घेणाऱ्याने थांबावे.

जनरल मोटर्सच्या ओतीव कामात आणखी एक उपयुक्त खूण सापडते. ब्लॉकवर उठावात एक अक्षर व काही अंक असतात. त्यात ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, अशी एल म्हणजे डिसेंबरपर्यंतची बारा अक्षरे महिन्यांची, मधला अंक तारखेचा आणि शेवटचा अंक वर्षाचा. 'सी १५ १' असे असेल तर तो ब्लॉक १५ मार्चला ओतला. पण कोणत्या साली? १९४१ की १९५१? येथे खरी कसोटी लागते. समजा, नोंदणीचा कागद १९४८ चा आहे. ब्लॉक १९४१ चा असेल तर तो मूळचा असू शकतो. १९५१ चा असेल तर आजोबांनी ट्रक घेतल्यावर कधीतरी इंजिन बदलले, हे निश्चित. अशा वेळी ठोकलेल्या क्रमांकातील अक्षरे कारखान्याच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहावीत आणि मग घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. अशा विचारण्यातून पुष्कळदा एखादी विसरलेली पावती पेटीतून बाहेर येते.

एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर माप घ्यावे. हेड काढलेलेच असेल तर सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा प्रवास मोजून घनफळ काढता येते. शेव्हरलेट २१६ आणि पर्किन्सचे पी-सहा डिझेल या दोहोंचा व्यास साडेतीन इंचच. पण शेव्हरलेटच्या पिस्टनचा प्रवास पावणेचार इंच आणि पर्किन्सचा पाच इंच. त्यामुळे एकाचे घनफळ सुमारे २१६ घनइंच तर दुसऱ्याचे सुमारे २८८ घनइंच होते. टाटा-मर्सिडीजच्या पहिल्या इंजिनाचे माप ९० आणि १२० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४,५८० घनसेंटिमीटर. शाळेत शिकलेले वृत्तचितीचे सूत्र शेतावरच्या गोठ्यात असे उपयोगी पडते.

ओळख पटली की प्रकृतीची तपासणी. वीस वर्षे बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून चालविण्याचा मोह प्रत्येकास होतो आणि पुष्कळ चांगली इंजिने त्या मोहातच बळी पडतात. सिलिंडरात गंज असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरविले की रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा उठतो. त्याऐवजी स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस वाट पाहावी आणि मग हँडल लावून हातानेच हळूहळू फिरवून पाहावे. त्याआधी खालच्या तेलपेटीचे तेल थोडे काढावे. प्रथम पाणी आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरले आहे. गॅसकेट गेले असेल किंवा कोठेतरी तडा असेल. फोर्ड व्ही-आठमध्ये व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधल्या लोखंडास तडे जाण्याची खोड प्रसिद्ध आहे. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात रेडिएटर कोरडा पडून तापलेल्या इंजिनाचे हेड वाकडे झालेले असणे हेही अशक्य नाही.

इंजिन मोकळे फिरू लागले की दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सर्वांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर प्रकृती ठीक. एकाचाच दाब कमी असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारच्या दोघांचा कमी असेल तर त्यांच्या मधले गॅसकेट जळले असण्याचा संभव अधिक. तासाभराच्या या तपासणीने किमतीच्या वादातील निम्मी हवा निघून जाते.

आता किंमत. जुन्या इंजिनाला एक किंमत नसते, तीन असतात. पहिली वजनाची. अशा सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाचे वजन अडीचशे किलोच्या आसपास धरावे. भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला तर साडेसात हजार रुपये होतात. ही झाली तळाची रक्कम. इंजिन फुटके असले तरी हिच्याखाली जाण्याचे कारण नाही. दुसरी किंमत सुट्या भागांची. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, स्टार्टर, मॅनिफोल्ड, पंखा ही मंडळी वजनाला हलकी. पण मूळची आणि शाबूत असतील तर तशाच गाडीची दुरुस्ती करणाऱ्यास ती ब्लॉकपेक्षाही प्रिय असतात. भंगारवाला हे जाणतो. म्हणून तो वजनाचा भाव सांगतो आणि डोळा मात्र कार्ब्युरेटरवर ठेवतो. तिसरी किंमत संपूर्णतेची. ट्रक, त्याचे मूळ इंजिन, जुळणारे क्रमांक आणि अखंड कागद ही चारही एकत्र असतील, तर संग्राहक त्यांसाठी जी रक्कम देईल ती सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकते. मात्र असा ग्राहक नेमका मिळावा लागतो, त्याची वाट पाहावी लागते आणि तोवर ट्रक पावसापासून जपावा लागतो. तिसऱ्या किमतीतून वाट पाहण्याचा हा खर्च वजा करण्यास पुष्कळ जण विसरतात.

जुनेपणा म्हणजेच मोल, हाही एक भ्रम आहे. जे इंजिन लाखोंनी बनले, त्याचे नुसते वय काही सांगत नाही. उलट मागाहून बसविलेले पर्किन्स डिझेल हे मूळचे नसले तरी चालू स्थितीत असेल, तर मूळच्या पण तडा गेलेल्या व्ही-आठपेक्षा त्यास ग्राहक लवकर मिळू शकतो. संग्राहकास मूळचेपण हवे असते, शेतकऱ्यास काम हवे असते. विकणाऱ्याने आपला ग्राहक या दोहोंपैकी कोण, हे आधी ठरवावे.

कागदाचा प्रश्न शेवटी घेतला, तरी तो महत्त्वाचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीत दाखविलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद व्हावयास हवी. वाहन कायमचे निकामी झाले असेल तर चौदा दिवसांत तसे कळवून नोंदणीचा दाखला परत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. २०२१ च्या नियमांनी अधिकृत मोडणी केंद्रे निर्माण केली आहेत. तेथे वाहन दिल्यास जमा केल्याचा दाखला मिळतो. ट्रक एखाद्या फिरत्या भंगारवाल्यास देऊन कागद घरातच ठेवला, तर लोखंड गेले तरी जबाबदारी मालकाच्या नावावर राहते. आजोबा वारलेले, कागद त्यांच्याच नावावर, आणि वारस दोन. अशा स्थितीत प्रथम वारसांची नोंद, मग विक्री, हाच क्रम योग्य.

चुलतभावांच्या वाटणीकडे पुन्हा वळावे. वाटणीची एक जुनी, शहाणपणाची रीत आहे: एकाने वाटे पाडावेत, दुसऱ्याने आधी उचलावा. ट्रकच्या बाबतीत थोरल्याने किंमत सांगावी आणि त्या किमतीस ट्रक घ्यावयाचा की द्यावयाचा हे धाकट्याने ठरवावे. रीत न्यायाची खरी. पण दोघांपुढे सारखीच माहिती असेल तरच तिच्यातून न्याय निघतो. ज्याने बॉनेट उघडून क्रमांक वाचला आहे आणि ज्याने वाचला नाही, त्यांच्यात ती रीत चालविली तर तिचे नाव न्याय राहते आणि आत फसवणूक शिरते. ती फसवणूक उघडकीस येते तेव्हा पैसे तर गेलेले असतातच, पण दिवाळीला एकमेकांच्या घरी जाणेही थांबलेले असते. इंजिनाच्या चार-सहा हजारांपायी असा तोटा कोणत्याही घराला परवडणारा नाही.

म्हणून आधी दोघांनी मिळून बॉनेट उघडावे. रॉकेलची चिंधी एकाने धरावी, खडू दुसऱ्याने चोळावा, आणि जे अंक दिसतील ते दोघांच्या देखत कागदावर उतरवून घ्यावेत. दाब मोजला की तोही त्याच कागदावर लिहावा. त्यानंतर वजनाची, सुट्या भागांची आणि संपूर्णतेची, अशा तीन रकमा तीन निरनिराळ्या माणसांकडून विचाराव्यात. इतके झाल्यावर ट्रक भंगारात गेला तरी दोघांच्याही मनात किंतु राहणार नाही, आणि राहिला तर तो कोणाच्या जपणुकीत राहावा हेही दोघांना सहज ठरविता येईल.